नाव सांगून खुर्चीवर बसण्याचा हक्क

'ब्रंच' हा शब्द आमच्या धाराशिव जिल्ह्यात अजून नवा आहे. सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण एकत्र करून सुट्टीच्या दिवशी मित्रमैत्रिणींसोबत हॉटेलात निवांत खात बसणे, एवढाच त्याचा अर्थ. परंडा, कळंब, उमरगा, लोहारा अशा तालुक्यांतून शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुण्याला गेलेली आपली पोरेपोरी आता रविवारी अशी जमतात. फोटो काढतात, स्टेटसला टाकतात.

या फोटोंवर दोन प्रकारच्या प्रतिक्रिया हमखास येतात. पहिली सवर्ण मित्रांची: "आता कुठे राहिली जात? आपण सगळे एकाच टेबलावर जेवतो. मग आरक्षण कशाला?" दुसरी प्रतिक्रिया आपल्याच वस्तीतली, जुन्या कार्यकर्त्यांची: "बापाने ऊस तोडला, आईने खुरपणी केली आणि पोरगं चारशे रुपयांची कॉफी पितंय. चळवळ विसरली ही पिढी."

आम्हाला दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या वाटतात, आणि दोन्हींची चूक एकच आहे. दोघेही हॉटेलातल्या खुर्चीकडे पैशाची गोष्ट म्हणून पाहतात. एकाला वाटते, पैसा आला की जात गेली. दुसऱ्याला वाटते, पैसा आला की समाज विसरला. ही खुर्ची पैशाने मिळालेली नाही. पैसे खिशात असूनही ती मिळत नव्हती, असा मोठा काळ या देशात होता. तो इतिहास माहीत नसेल तर ब्रंच नुसती चैन ठरते. माहीत असेल तर कळते, की आपण कुणाच्या लढ्यावर बसलो आहोत आणि तो लढा कुठे अर्धवट राहिला आहे.

दारातली भाकरी आणि विकतचा चहा

गावगाड्यात अस्पृश्याला अन्न मिळत नव्हते असे नाही. मिळत होते, पण दारात उभे राहून. गावकीची कामे करायची, सांगावे पोचवायचे, मेलेली जनावरे ओढायची आणि त्याबद्दल घरोघर फिरून भाकरी मागायची. ती भाकरी वरून टाकली जायची. ती मजुरी नव्हती, कारण तिचा दर ठरलेला नव्हता. ती भीकही नव्हती, कारण तिच्यासाठी आधी राबावे लागत होते. वतनाच्या नावाखाली माणसाला गावाशी बांधून ठेवणारी ती साखळी होती.

आपल्या जिल्ह्याला या साखळीविरुद्धच्या लढ्यात मानाचे स्थान आहे. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी आजच्या धाराशिव तालुक्यातल्या कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली आणि तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः आले. गावातल्या ज्या शाळेत बाबासाहेबांचा मुक्काम झाला, ती जागा आजही आपली माणसे आदराने दाखवतात. परिषदेच्या नावातच महार आणि मांग दोघे आहेत, हे आज जाती-जातींत भांडणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

वतनाच्या भाकरीत आणि हॉटेलातल्या चहात मूलभूत फरक आहे. भाकरी देणारा वरचा आणि घेणारा खालचा असतो. हॉटेलात एकाने पैसे द्यायचे, दुसऱ्याने माल द्यायचा. कुणी कुणाचा उपकारकर्ता नाही. म्हणून नाणे हातात आले, एस.टी. स्टँड झाले, बाजारपेठा वाढल्या, तेव्हा जातिव्यवस्थेपुढे एक नवाच पेच उभा राहिला. महार-मांगाच्या हातातले नाणे इतरांच्या नाण्यासारखेच होते. मग त्याला वेगळे कसे ठेवायचे?

त्यावर गावाने काढलेला तोडगा म्हणजे वेगळी कपबशी. पैसे घ्यायचे, पण दुरून टाकायला लावून. चहा द्यायचा, पण बाहेर ठेवलेल्या कपात. पिऊन झाल्यावर गिऱ्हाइकाने कप स्वतः विसळून जागेवर ठेवायचा. बाकड्यावर बसायचे नाही, खाली बसायचे. नाणे बाटत नव्हते, माणूस बाटवत होता! दुकानदाराचा नफाही सुटला नाही आणि मनूचा कायदाही मोडला नाही.

हे फार जुने नाही. आपल्या जिल्ह्याच्या शेजारी, अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' हे आत्मकथन १९८४ साली आले. गावातल्या चहाच्या हॉटेलात दलितांसाठी ठेवलेली वेगळी कपबशी आणि तिच्याविरुद्ध तरुणांनी पोलिसांकडे केलेली तक्रार, हा प्रसंग त्यात आहे. म्हणजे आज जे पन्नाशी-साठीत आहेत, त्यांच्या तरुणपणातली ही गोष्ट आहे.

बडोदे: खोट्या नावाची खोली

हॉटेल, खानावळ, विश्रामगृह या प्रश्नाचा चटका बाबासाहेबांना स्वतःला बसला होता. १९१७ साली, अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शिकून आल्यावर, शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते बडोदे संस्थानात नोकरीला गेले. पहिला प्रश्न नोकरीचा नव्हता, राहायचे कुठे हा होता. हिंदू हॉटेलात प्रवेश मिळणार नव्हता. त्यांनी एका पारशी विश्रामगृहात चौकशी केली. तिथे फक्त पारशांनाच राहता येत होते. पण गिऱ्हाईक नसल्याने ओस पडलेल्या त्या जागेच्या रखवालदारालाही दोन पैसे हवे होते. शेवटी नोंदवहीत पारशी नाव लिहून, राहण्या-जेवणाचा रोज दीड रुपया ठरवून, कोलंबिया विद्यापीठात शिकलेला हा माणूस वरच्या मजल्यावरच्या अंधाऱ्या जागेत राहिला.

अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिन्याने वर आले. त्यांनी जाब विचारला, शिव्या दिल्या आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान सोडले. ओळखीच्या एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडेही आसरा मिळाला नाही. बाबासाहेब कामाठीबागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात त्यांनी हा प्रसंग सविस्तर लिहून ठेवला.

या प्रसंगाकडे आपण नेहमी अपमानाची कहाणी म्हणून पाहतो. आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. बाबासाहेबांकडे पैसे होते, पदवी होती, अंगावर साहेबी पोशाख होता. त्या जोरावर दहा दिवस खोली मिळालीही. पण ती मिळाली खोट्या नावावर. खरे नाव कळताच पदवी, पैसा, पोशाख काहीही कामाला आले नाही. समता नाव लपवून मिळत असेल तर ती समता नव्हे. ती पकडले जाईपर्यंत मिळालेली मुदत आहे.

दौलताबाद: मित्रांची सहल

दुसरा प्रसंग आपल्या मराठवाड्यातला आहे आणि तो चक्क मित्रांच्या सहलीचा आहे. १९३४ साली चळवळीतले सुमारे तीस सहकारी बाबासाहेबांना घेऊन वेरूळची लेणी पाहायला निघाले. मुलूख निजामाचा, म्हणून आपण कोण आहोत हे वाटेत सांगायचे नाही असे त्यांनी ठरवले होते. दौलताबादला किल्ल्याच्या दाराजवळच्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले. रमजानचा महिना होता. एक वृद्ध मुसलमान ओरडत आला, की या लोकांनी हौद बाटवला. बघता बघता जमाव जमला. शेवटी किल्ला पाहायला परवानगी मिळाली ती एका अटीवर: आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही. त्यासाठी बरोबर एक हत्यारी शिपाई दिला गेला.

सुट्टी काढावी, चार मित्रांनी मिळून बाहेर पडावे, ऐतिहासिक जागा पाहावी, हातपाय धुवावेत, घोटभर पाणी प्यावे. इतकी साधी इच्छा. पण त्या माणसांना त्यासाठीही आपली ओळख लपवावी लागली आणि ती उघड होताच शिपायाच्या पहाऱ्यात फिरावे लागले. अस्पृश्यता ही फक्त देवळापुरती किंवा विहिरीपुरती नव्हती. माणसाच्या फुरसतीवर, त्याच्या मैत्रीवर, आनंदावरही तिचा पहारा होता. म्हणून आजच्या पोरांच्या रविवारच्या भेटीला 'चैन' म्हणून हिणवणाऱ्यांना आम्ही नम्रपणे सांगू, की फुरसतीचा हक्कसुद्धा आपल्या लढ्याचाच भाग आहे.

कोल्हापूरचा चहा: उघड नावाची पाटी

याच काळात कोल्हापुरात उलट दिशेने एक प्रयोग झाला. राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या गंगाराम कांबळे या सेवकाने पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून सवर्ण नोकरांनी त्याला बेदम मारले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामला नोकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंदा करायला सांगितले. गंगारामने कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढले. नाव ठेवले 'सत्यसुधारक'. भर बाजारात महाराचे हॉटेल! कोण येणार चहा प्यायला? तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून, लोकांदेखत, गंगारामच्या हातचा चहा पिऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले.

बडोद्यात नाव लपवून आत शिरावे लागले. कोल्हापुरात नाव उघड ठेवून गल्ल्यावर बसता आले. फरक कशाने पडला? सत्ता पाठीशी उभी राहिली म्हणून. पण राजा चांगला होता म्हणून मिळालेली गोष्ट राजा गेल्यावर टिकतेच असे नाही. शाहू महाराज १९२२ साली गेले. जे एका राजाच्या चांगुलपणावर उभे होते, ते कायद्यावर उभे करायचे काम शिल्लक होते.

गोलमेज परिषदेत 'खानावळ' कशी पोचली

हे काम बाबासाहेबांनी किती बारकाईने केले, ते पाहण्यासारखे आहे. पहिल्या गोलमेज परिषदेच्या वेळी बाबासाहेब आणि रावबहादूर आर. श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची एक योजना सादर केली. स्वतंत्र मतदारसंघामुळे ती आपल्याला माहीत असते. पण त्याच योजनेत समान हक्कांच्या उपभोगाविषयी एक कलम होते. खानावळी-विश्रामगृहे, शाळा, रस्ते, तळी, विहिरी, वाहने, नाटकगृहे अशा ठिकाणच्या सोयी पूर्वीच्या अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणी नाकारल्या तर तो गुन्हा मानावा, आणि त्याला ५ वर्षांपर्यंत कैद व दंड अशी शिक्षा असावी. बडोद्याच्या जिन्यावरून हाकलला गेलेला माणूस तेरा वर्षांनी लंडनमध्ये बसून 'खानावळ' हा शब्द कायद्याच्या मसुद्यात घालत होता!

या कलमाचा नमुना त्यांनी अमेरिकेतून घेतला होता. तिथे गुलामी संपल्यावर १८६६ आणि १८७५ साली नागरी हक्कांचे कायदे झाले होते. १८७५ च्या कायद्याने खानावळी, वाहने, नाटकगृहे काळ्या माणसांना खुली केली होती. पण १८८३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. संविधान सरकारला भेदभाव करू देत नाही, पण खासगी हॉटेलमालकाला संसद असे बांधू शकत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

बाबासाहेब इथेच थांबले नाहीत. गावातला सवर्ण कायदा सरळ मोडत नाही, तो बहिष्कार टाकतो, हे त्यांना ठाऊक होते. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीवर त्यांनी काम केले होते आणि हक्क मागणाऱ्यांचे दाणापाणी कसे तोडले जाते हे तिच्यापुढे आले होते. म्हणून योजनेत त्यांनी सामाजिक बहिष्काराचीही व्याख्या केली. तिला आधार ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा घेतला. हक्क देणारे कलम आणि हक्क मागणाऱ्याला वाचवणारे कलम, अशी ती जोडी होती.

१९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात ही मागणी पुन्हा आली. शेवटी २६ जानेवारी १९५० रोजी लागू झालेल्या संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये शब्द आले: दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीच्या जागा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणत्याही नागरिकाला तिथे अडवता येणार नाही. लक्षात घ्या, हे कलम फक्त सरकारला सांगत नाही. ते थेट हॉटेलमालकाला सांगते. ज्या दगडाला अमेरिकेचा कायदा ठेचकाळला होता, तो दगड आपल्या संविधानाने वाटेतूनच काढून टाकला.

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली, तेव्हा दुकान या शब्दात केशकर्तनालय, धोब्याचे दुकान येते का असा प्रश्न निघाला. जो कुणी आपली सेवा येणाऱ्या-जाणाऱ्याला देऊ करतो त्याची जागा म्हणजे दुकान, अशा अर्थाचे व्यापक उत्तर बाबासाहेबांनी दिले. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम, म्हणजे आजचा अनुच्छेद १७, त्याच दिवशी मंजूर झाले.

अमेरिकेत यानंतर दहा वर्षांनी, १ फेब्रुवारी १९६० रोजी, ग्रीन्सबरो गावात चार काळे विद्यार्थी वूलवर्थ दुकानाच्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसले. कॉफी मिळाली नाही तरी उठले नाहीत. देशभर तसे सत्याग्रह झाले आणि २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्कांचा नवा कायदा आला. बर्मिंगहॅमच्या एका खाणावळवाल्याने त्याला आव्हान दिले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. तिथे आधी लोक काउंटरवर बसले आणि मग कायदा आला. आपल्याकडे कायदा आधी आला, पण काउंटरवर बसायला गावोगाव किती लोक गेले?

कायदा धाराशिवात आला, पण...

आपला जिल्हा तेव्हा उस्मानाबाद या नावाने हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली आणि पुढच्या काळात, १३५८ फसली साली, हैदराबादेत हरिजनांवरील सामाजिक बंधने दूर करणारा नियम आला. मुंबई प्रांतात तसा कायदा त्याआधीच झाला होता. मग १ जून १९५५ पासून देशभर अस्पृश्यता (गुन्हे) कायदा लागू झाला. १९७६ पासून आपण त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतो.

या कायद्याचे कलम ४ प्रत्येकाने वाचावे. उपाहारगृहात प्रवेश नाकारणे हा गुन्हा आहेच, पण तिथे सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हाही वेगळा गुन्हा आहे. म्हणजे वेगळी कपबशी कायदा करणाऱ्यांना नीट माहीत होती. कलम १२ त्याहून महत्त्वाचे. अनुसूचित जातीच्या माणसाबाबत असे कृत्य झाले, तर ते अस्पृश्यतेच्या कारणानेच झाले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नाही हे आरोपीने दाखवायचे.

पण शिक्षा? १९५५ साली ठरली ती जास्तीत जास्त ६ महिने कैद किंवा ५०० रुपये दंड, किंवा दोन्ही. बाबासाहेबांनी १९३० साली मागितली होती ५ वर्षांपर्यंत. या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजेच या देशाच्या सत्ताधाऱ्यांचे मन आहे. १९७६ च्या दुरुस्तीने किमान १ महिना कैद सक्तीची केली, तरी दंडाची कमाल मर्यादा ५०० रुपयेच राहिली. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि सार्वजनिक जागी प्रवेश किंवा सार्वजनिक वापराची भांडी नाकारणे त्या कडक कायद्याखाली आले. २६ जानेवारी २०१६ पासून ती दुरुस्ती लागू आहे. संविधान लागू झाल्यावर बरोबर ६६ वर्षांनी.

आणि प्रत्यक्ष स्थिती? २००१-०२ च्या सुमारास ११ राज्यांतल्या ५६५ गावांत अस्पृश्यतेची मोठी पाहणी झाली. सुमारे एक तृतीयांश गावांत चहाच्या हॉटेलात वेगळी भांडी किंवा वेगळी बैठक आढळली. २०११-१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात देशातल्या २७ टक्के कुटुंबांनी आपण कोणत्या ना कोणत्या प्रकारे अस्पृश्यता पाळतो असे स्वतःच्या तोंडाने सांगितले. न सांगणारे किती असतील, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

सहभोजन वेगळे, हॉटेल वेगळे

इथे काही अभ्यासू मित्र हरकत घेतील: एकत्र जेवल्याने जात जात नाही, असे बाबासाहेबांनीच 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये १९३६ साली म्हटले होते ना? बरोबर. सहभोजने पुष्कळ झाली, जात मेली नाही. आंतरजातीय विवाह आणि धर्मशास्त्रांच्या प्रामाण्याचा नकार, हाच खरा उपाय, असे त्यांचे म्हणणे होते.

पण सहभोजन आणि हॉटेल यांत गल्लत करू नका. सहभोजनात कुणीतरी यजमान असतो आणि तो मोठ्या मनाने आपल्याला पंगतीत घेतो. निवडणुका आल्या की पुढारी दलिताच्या घरी जेवायला येतात, ताटासह फोटो काढतात, तेही त्याच जातीचे औदार्य आहे. हॉटेलात औदार्याचा प्रश्नच नाही. तिथे बसणे हा नागरिकाचा हक्क आहे. बाबासाहेबांनी सहभोजनाला जातिअंताचा मार्ग मानले नाही, पण खानावळीतल्या प्रवेशाचा हट्ट १९३० पासून १९५० पर्यंत सोडला नाही, तो याचसाठी. एक प्रश्न मनाच्या बदलाचा आहे. दुसरा नागरिकत्वाचा. सवर्णांचे मन बदलेपर्यंत आपण बाहेर उभे राहावे, असे संविधान सांगत नाही.

शहराची समता: ओळख नसल्याची

आता पुन्हा पुण्याच्या टेबलाकडे येऊ. तिथे आपल्या पोरांना कुणी अडवत नाही. का? मालकाचे मन बदलले म्हणून? नाही. वेटर नाव विचारत नाही म्हणून. शहरातल्या हॉटेलाची समता ही ओळख नसल्याची समता आहे. बडोद्याचे ते पहिले दहा दिवस शहराने लांबवले, एवढेच.

जिथे ओळख विचारली जाते, तिथे पडदा लगेच सरकतो. तीच पोरे खोली भाड्याने घ्यायला जातात तेव्हा घरमालक आडनाव विचारतो, "नॉनव्हेज खाता का?" विचारतो. हा प्रश्न पोटाचा नसतो, जातीचा असतो. २०२३ साली मुंबईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या भोजनालयात शाकाहारींसाठी टेबले राखून ठेवली गेली आणि त्याचा निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला १०,००० रुपये दंड झाला. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने 'शुद्ध शाकाहारी' गिऱ्हाइकांसाठी वेगळ्या पोशाखातली पोरे नेमण्याचे जाहीर केले. ओरड झाल्यावर वेगळा पोशाख मागे घेतला. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरच्या खाणावळींना मालकाचे नाव दर्शनी भागात लावायला सांगितले गेले. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. कुणी काय खावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण टेबल, पोशाख आणि पाटी वेगळी करण्याची ही हौस आपल्या ओळखीची आहे. ती वेगळ्या कपबशीचीच नात आहे.

आणि ब्रंचच्या टेबलावरून एकदा मागे वळून मोरीकडेही पाहावे. तिथे ताटे घासणारी बाई, टेबल पुसणारा पोरगा कुठून आला आहे, हे विचारावे. टेबलावर बसणारे आपण आणि टेबल पुसणारेही पुष्कळदा आपलेच.

गावचे हॉटेल ही खरी परीक्षा

म्हणून आमचे म्हणणे असे आहे. ब्रंचला जा, जरूर जा. लाजू नका, कुणाला खुलासे देऊ नका. पण पुण्याच्या टेबलावर जात संपली असे मानू नका, कारण तिथे जातीची परीक्षाच झालेली नाही. परीक्षा होते ती जिथे सगळे आपल्याला ओळखतात तिथे. आपल्या आजोबाचे नाव, आपली वस्ती, आपली कमान ज्याला ठाऊक आहे, त्या गावच्या हॉटेलात. तिथल्या बाकड्यावर, त्याच कपात, नाव सांगून बसता येते का? येत असेल तर त्या गावाचे अभिनंदन. येत नसेल, तर कलम ४ आणि कलम १२ तुमच्या मोबाइलमध्ये असू द्या.

तक्रार करणाऱ्याला मात्र एकटे सोडू नका. बाबासाहेबांनी बहिष्काराचे कलम उगाच घातले नव्हते. गावात राहून, त्याच गावच्या शेतात मजुरीला जाऊन तक्रार करणे आणि पुण्यात बसून पोस्ट टाकणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्यांचे पोट गावावर अवलंबून नाही, त्यांनीच पुढे व्हावे. दिवाळीला, पंचमीला, चौदा एप्रिलला तुम्ही गावी येताच. दहा मित्र मिळून या, साऱ्या जातींचे मित्र घेऊन या आणि तुमची एक सकाळ गावच्या हॉटेलात घालवा. भजी खा, चहा प्या, गप्पा मारा. यात आरडाओरडा नाही, भांडण नाही. तरीही ग्रीन्सबरोच्या त्या चार पोरांनी यापेक्षा वेगळे काही केले नव्हते.

आणि गंगारामला विसरू नका. सोलापूर-धुळे महामार्गावर, तालुक्याच्या स्टँडवर, आपल्या कुणा भावा-बहिणीने हॉटेल टाकले असेल तर गाडी तिथे थांबवा. शाहू महाराजांना जे एकट्याने करावे लागले, ते आज आपण हजारो जण करू शकतो. आपल्या माणसाच्या हॉटेलवर त्याचे खरे नाव मोठ्या अक्षरांत लागावे आणि तरीही साऱ्या गावाने तिथे जेवावे, त्या दिवशी आपण म्हणू, की बडोद्याच्या नोंदवहीतले खोटे नाव खोडले गेले.

जय भीम!